कागद हातात असू द्या, बाबा

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, फोनवर तुम्ही पुन्हा तेच विचारलंत: "चर्चमध्ये उपदेश करताना कागद न घेता कधी बोलायला लागणार?" सध्या तरी नाही. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याच्या, मैदानावर घसा ताणून बोलणाऱ्यांचं तुम्हाला कौतुक आहे. मला त्यांच्यातल्या पुष्कळांचं बोलणं घरी येईपर्यंत आठवत नाही. तुम्ही कीर्तनाचा दाखला देता. पण कृष्णराव सांगळ्यांनी १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन आणलं, तेव्हा पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी त्यात होतीच. कीर्तनकाराच्या डोक्यात जे पक्कं बसलेलं असतं, ते माझ्या कागदावर असतं, इतकंच. शिवाय कागद असला की वीस मिनिटांत संपतं, आणि मागच्या बाकावरच्या बायकांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात.

खरी तयारी आता घरभेटींत होते. सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, बायबलवरचे भाष्यग्रंथ कसे वाचायचे ते शिकले, ते उपयोगी पडतंच. पण परवा बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घेऊन एका आजींकडे बसले होते. त्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचण्यात गेलंय. मी वाचत गेले. संध्याकाळी रूथने वेचलेलं झोडलं तर एफाभर सातू निघाला, इथे त्यांनी मला थांबवलं. "एफा म्हणजे किती?" म्हटलं, जवळजवळ २२ लिटरचं माप. त्या हसल्या. "एका दिवसात एवढा सरवा मिळत नसतो, ताई. कुणीतरी मुद्दाम टाकलं असणार."

त्याच्या आधीची सोळावी ओवी, म्हणजे वचन, मी मुद्दाम वगळली होती, लांबण नको म्हणून! तिच्यात शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून तिच्यासाठी काही काढून टाका, तिला धमकावू नका. आजींनी ते न ऐकताच ओळखलं. मग गड्यांच्या धमकावण्याबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. ते सगळं पुलपिटावरून सांगण्यासारखं नाही. एवढं कळलं, की बवाजाचा दानधर्म सांगताना तिथल्या बाईची भीती आधी सांगायला हवी. येत्या रविवारचा उपदेश तिथूनच सुरू होईल.

आई, तुझी जुनी 'उपासना संगीत' ही गीतांची वही-पुस्तिका पाठव. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांच्या चाली तू पेन्सिलीने समासात लिहिल्यास, त्या इथे कुणाला येत नाहीत.

रविवारी फोन करा, पण उपासना सुटल्यावर. आणि बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ताई