आर्वीच्या नोकरीला नाही म्हटलं, त्याबद्दल

सविनय जय भीम आई, बाबा,

फोनवर सांगायला गेलं की बाबा गप्प होतात आणि आई "बरं" म्हणून मोबाईल सोनूच्या हातात देते, म्हणून लिहूनच पाठवते. सोनू, घाईघाईत वाचू नको, बाबांचा चहा झाला की मग सावकाश वाच.

आर्वीच्या ज्युनिअर कॉलेजला मी नाही म्हणून कळवलं. कळवून झालंय, म्हणजे आता विचारत नाहीये, सांगतेय. कापसाची पुढची वेचणी संपेपर्यंत मी पीएचडीच्या कामासाठी इकडं राळेगाव तालुक्यातच राहणार आहे. पगार बरा होता, घरून जाणं-येणं झालं असतं, आईच्या हातचं खाल्लं असतं, हे सगळं मलाही कळतं. दोन रात्री झोप नाही लागली. पण नाहीच म्हटलं.

आधी राहण्याचं सांगते, कारण आईचा जीव तिथंच अडकला असेल. अंगणवाडीच्या ताईंच्या घरची पुढची खोली आहे, वर स्लॅब आहे, टिन नाही, त्यामुळं उन्हाळ्यात तापेल पण टिनासारखी नाही. पंखा आहे, दाराला आतून कडी आहे, संडास-बाथरूम घरातच. पाण्याची कॅन येते. सकाळी भाकर आणि तुरीचं वरण ताईच देतात, संध्याकाळी मी करते. तू दिलेली जवसाची चटणी संपली पण मुगवड्या अजून आहेत. फेलोशिप चालू आहे, ती संपल्यावर मॅडमच्या प्रोजेक्टमधे काम मिळणार आहे, पैसे मागणार नाही. लग्नाचं मी वर्षभर पुढं ढकललंय, नाही म्हटलेलं नाही, तेव्हा आत्याला तेवढंच सांग, जास्त नको.

आता बाबा, तुमचं. दिवाळीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "वेचाईचा भाव कोन ठरवते हे मीच सांगतो तुले, दोन मिनटाचं काम हाय, त्याले पीएचडी काहून लागते?" सगळे हसले, मीपण हसले. तुमचं म्हणणं असं की कापूस एकदम फुटला अन् बाया कमी पडल्या की भाव चढतो. खरं सांगू का, मीपण इथं हेच डोक्यात घेऊन आले होते, अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या धड्यात हेच असते. पण इथं दोन गावं आहेत, मधे फक्त एक नाला. जमीन तीच, पाऊस तोच, कापूस एकाच जिनिंगला जातो, वेचणाऱ्या बायापण साधारण सारख्याच. तरी नाल्याच्या अलीकडं बायांना वेचाईचे किलोमागं दोन रुपये कमी, आणि हे एका वर्षाचं नाही, जुन्या बाया सांगतात आधीपासून असंच आहे. नुसतं तुमचंच खरं असतं तर अलीकडच्या बाया नाला ओलांडून गेल्या असत्या आणि आठ दिवसात दोन्हीकडचा भाव सारखा झाला असता. त्या जात नाहीत. आता का जात नाहीत ते सांगा दोन मिनटात.

मला वाटलं पलीकडं बचत गट मजबूत आहे म्हणून असेल. कोणालाही ऐकायला बरं वाटेल असं ते उत्तर आहे, सेमिनारमधे टाळ्या पडतील. पण तिसऱ्या एका गावात बचत गट त्याहून मजबूत निघाला, अध्यक्षीणबाई तर तहसीलदाराशी भांडून येते, आणि तिथं भाव कमीच. म्हणजे गटानं काही होत नाही असं नाही, पण एकट्या गटानं होत नाही.

मग एका संध्याकाळी अलीकडच्या गावात काट्याजवळ उभी होते. बायांनी आपापली गाठोडी आणली, लटकत्या काट्याला एकेक अडकवत होते, मालक वजन मोठ्यानं बोलायचा आणि त्याची पोरगी वहीत लिहायची. इथपर्यंत आपल्या अंगणात होते तसंच. पण तीन-चार बाया अशा होत्या की त्यांचं वजन झालं की मालक सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढायचा, पान उलटवायचा, काहीतरी खोडायचा, काहीतरी लिहायचा. आणि त्या बाया काट्याकडं बघतच नव्हत्या. एक तर पाठ करून ब्लाउजला चिकटलेला कापूस काढत बसली होती. पलीकडच्या गावात असं होत नाही बाबा, तिथं बाया काट्याला डोळे लावून उभ्या असतात, दवाचा ओला कापूस म्हणून कोणी अर्धा किलो कापला तर तिथंच भांडण. जिचा भाव आषाढातच ठरून गेला ती कार्तिकात काट्याकडं कशाला बघेल?

उचल. शाळा उघडताना, नाहीतर श्रावणात हाताला काम नसतं तेव्हा, नाहीतर कोणी दवाखान्यात असलं की घेतलेली. पैसे फिटेस्तोवर त्याच मालकाकडं, त्याच भावात. पलीकडच्या बाया उचल कमी घेतात, कारण त्यांच्यातल्या एकीच्या नवऱ्याचा ऑटो आहे आणि तो त्यांना पावसाळ्यात लांब ओलिताच्या गावांना निंदणाला नेतो. पण इथंच घोडं अडलंय. ऑटो होता म्हणून उचल लागली नाही, की उचल नव्हती म्हणून त्या मोकळेपणी ऑटोत बसू शकल्या? मी आले तेव्हा वेचणी लागली होती, दोन्ही गोष्टी आधीच होऊन गेल्या होत्या. आधी काय झालं आणि नंतर काय, हे डोळ्यांनी बघायचं तर जूनपासून इथं असावं लागते, आणि पऱ्हाटी वर्षातून एकदाच फुटते. आर्वीला जूनमधेच हजर व्हायचं होतं. म्हणून नाही म्हटलं. शिवाय अजून एक गाव ऐकलंय, तिथं म्हणे उचलही भरपूर आणि भावही चांगला. ते गाव माझ्यासाठी सगळ्यात कामाचं आहे. माझ्या म्हणण्यात न बसणारं गाव बाजूला ठेवून मी प्रबंध लिहिला असता तर तो पासही झाला असता कदाचित, पण त्यात दम नसता.

मोठ्या मामाला कसं, काहीही विचारा, उत्तर "मोबाईल". सोयाबीन गेलं, मोबाईलमुळं. पोराचं लग्न जमलं नाही, मोबाईलमुळं, आणि दुसऱ्याचं पळून जाऊन झालं तेही मोबाईलमुळं. असे मामा सगळीकडं असतात. १९१९ साली व्हिएन्नात ॲडलर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना पॉपर नावाच्या तरुण पोरानं एका मुलाची केस सांगितली. मुलाला न बघताच त्यांनी आपल्या सिद्धांतात ती बसवून टाकली. इतकी खात्री कशी म्हणून विचारलं तर म्हणे हजार केसेसचा अनुभव आहे. पोरगा म्हणाला, आता तुमचा अनुभव हजार आणि एक झाला असेल. पुढं हाच पॉपर तत्त्वज्ञ झाला आणि आयुष्यभर एकच गोष्ट धरून बसला, की जे म्हणणं कशानंच खोटं पडू शकत नाही ते विज्ञान नव्हे. समाजाच्या अभ्यासात हे जसंच्या तसं लागू होत नाही असं बरेच जण म्हणतात आणि मलाही थोडं पटतं, माणसं काही प्रयोगशाळेत बसवता येत नाहीत. पण मामासारखं होऊ नये एवढं तर आहेच.

आणि बाबा, तुम्ही दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आणलेल्या खंडांमधला पहिला काढा. त्यात बाबासाहेबांचा जातीवरचा निबंध आहे, ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, माझ्याहून लहान. आधी ते दुसऱ्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक घेतात, सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर, आणि दाखवतात की कुठली कशात कमी पडते. मग म्हणतात सगळं बाजूला ठेवा, जातीचं मूळ एकाच गोष्टीत आहे, लग्न जातीतच. आणि तिथून पुढं जे करतात ते मी कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो. जात बंद ठेवायची तर आत बाया आणि माणसं जोडीनं सारखी पाहिजेत. नवरा मेला की बाई शिल्लक राहते, बायको मेली की माणूस. शिल्लक राहिलेल्यानं जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं, जातीतच केलं तर दुसऱ्याची जोडी गेली. मग त्या बाईचं काय करायचं? सती, नाहीतर जन्मभराचं वैधव्य. आणि त्या माणसाला? लहान मुलगी बायको म्हणून. तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या चाली एका प्रश्नातून सुटल्या. कोणी नुसतं "परंपरा आहे" म्हटलं असतं तर ते वर्णन झालं असतं. मला असं काही मोठं जमणार नाही, पण दोन रुपयांचा फरक तरी त्या रीतीनं उलगडावा एवढीच हाव आहे.

आता एक बोलायचंय, राग मानू नका. तुमच्या कपाटातली लाल डायरी मला माहीत आहे. काट्याजवळ उभी होते तेव्हा पहिली तीच आठवली. तुम्ही कोणाला लुबाडता असं मी म्हणत नाहीये, कधीच म्हणणार नाही. शांताकाकूचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा रात्री दहाला पैसे काढून देणारे तुम्हीच होते, तिच्याकडून कधी व्याज घेतलं नाही हेही मला माहीत आहे. आणि तुमच्या बाजूनंही तेच गणित आहे ना, कापसाचा भाव पडलेला, फवारणीचा खर्च चढलेला, आणि ऐन वेळी बाया मिळाल्या नाहीत तर कापूस झाडावर भिजणार, म्हणून आधीच बांधून ठेवायचं. कोणी वाईट नसूनही बाईच्या वेचाईचा भाव कमीच राहतो, हेच तर मला समजून घ्यायचंय. प्रबंधात ना आपलं गाव येणार आहे ना कोणाचं नाव.

आई विचारतेच दरवेळी, "कधी संपन वं तुयं हे?" याचंही उत्तर आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस म्हणून दोघं अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडच्या दवाखान्यांमधे मरणाच्या दारातल्या पेशंटजवळ बसून नोंदी केल्या. सिद्धांत आधी ठरवून गेले नाहीत, नोंदी एकमेकींना ताडून बघत गेले, त्यातून जे निघालं त्यावर पुढं कोणाला भेटायचं ते ठरवत गेले. १९६७ साली त्यांनी ही रीतच लिहून काढली. त्यांचं म्हणणं, नवीन माणसाला भेटून नवीन काही निघेना झालं की थांबायचं. माझं अजून निघतंय, म्हणून थांबले नाही.

त्यांनी एक असं शोधलं होतं आई, की कधी कधी पेशंटला माहीत असतं, घरच्यांनाही माहीत असतं, आणि दोघंही माहीत नसल्यासारखं वागतात. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आजीच्या वेळी आपण तेच केलं ना. ती आपल्याला म्हणायची पुढच्या वर्षी पापड मीच लाटणार, आणि तू म्हणायची हो.

म्हणून बाबांच्या शुगरच्या रिपोर्टबद्दल मी तसं करणार नाहीये. सोनूनं मला फोटो पाठवलाय. त्याला रागवू नका, मीच मागितला होता. गोळी रोज, जेवणाआधी की नंतर ते चिठ्ठीवर लिहिलंय, ती चिठ्ठी आरशाला चिकटवा. अनवाणी वावरात जायचं नाही, अजिबात नाही, काटा रुतला तरी कळत नाही अशा पायाला. फवारणी स्वतः करायची नाही, पैसे देऊन करून घ्या आणि जो करेल त्याला मास्क-हातमोजे द्या, २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ते इथं अजून लोक सांगतात. आई, गुडघ्याला पट्टा बांधून वेचायला जाणं म्हणजे उपाय नाही, जायचंच नाही. तुझी बोटं मला आठवतात, बोंडाच्या टोकांनी नखाजवळ फाटलेली, आणि त्याच बोटांनी तू मला खोबरेल तेल लावायची, कापसाच्या खोलीत उड्या मारून अंग खाजवत आले की. मे महिन्यात सेवाग्रामला डोळे दाखवायला मी स्वतः घेऊन जाणार आहे, इथून वर्ध्याला बस आहे, तुम्ही आर्वीवरून या, स्टँडवरच भेटू. नाही म्हणायचं नाही.

माझ्या जुन्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत, त्या रद्दीत नाही द्यायच्या. एम. एन. श्रीनिवास म्हणून मोठे समाजशास्त्रज्ञ, कर्नाटकातल्या एका खेड्यात १९४८ ला राहून त्यांनी नोंदी केल्या, अठरा वर्षं त्यावर काम केलं, आणि २४ एप्रिल १९७० ला अमेरिकेत स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत तिन्ही प्रती जळाल्या. मग बिचाऱ्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि तेच सगळ्यात गाजलं. माझी आठवण एवढी चांगली नाही. पेटी खाली ठेवू नका, उंदीर लागतात, माळ्यावर ठेवा, पण पावसाळ्याआधी कौल बघून घ्या.

पोळ्याला येतेच. पुरणपोळी नको, बाबांना मोह होतो, भरीत-भाकर कर.

तुमचीच,
बेबी

ता.क. बाबा, लाल डायऱ्या मागच्या वर्षांच्या असतील तर त्याही ठेवून द्या. मला फक्त तारखा बघायच्या आहेत, कोणत्या महिन्यात उचल जास्त जाते ते. नावावर तुम्ही कागद ठेवा, मी उचलून बघणार नाही. द्यायच्या नसतील तरी चालेल, पण जाळू नका.