काजूच्या डोंगराचा कागद

तीर्थरूप आई-बाबांस सा. नमस्कार,

बाबा, आपला काजूचा डोंगर सोलर कंपनीला भाड्याने द्यायच्या कराराचे फोटो मिळाले. सहाव्या पानावर तुमचा अंगठा आलाय आणि नेमकं त्याखालचं कलम मला हवं आहे. तेवढं पान परत पाठवा.

परवा फोनवर म्हणालात, "काळा कोट नाही, कोर्ट नाही, मग वकील कसली?" अहो, असले कागद वाचणं हेच तर माझं काम. राजस्थानात सोलरचा प्रकल्प उभा राहतो तेव्हा बँक पॅनेलं बघून कर्ज देत नाही, वीज खरेदीचा करार बघून देते. तो बहुधा 25 वर्षांचा, दर ठरलेला. पण आंध्रात 2019 साली नवं सरकार आलं आणि जुने दर महाग आहेत, पुन्हा ठरवू म्हणालं. कंपन्या हायकोर्टात गेल्या. करारातलाच दर द्या, हा निकाल यायला मार्च 2022 उजाडला. तोवर कोर्टाने ठरवलेला तात्पुरता दर युनिटला अडीच रुपयांच्याही खाली, आणि कर्जाचे हप्ते काय कुणासाठी थांबतात? तसंच कराचं. 2021 मध्ये पॅनेलांवरचा जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला, तो भुर्दंड कुणी सोसायचा यावर किती भांडणं झाली! म्हणून आम्ही आधीच बसून विचारत राहतो: असं झालं तर कोण भरणार? लोकांना हा किरकिरेपणा वाटतो. वाटू दे.

आता तुमचा कागद. भाडं "प्रकल्प सुरू झाल्यापासून" मिळणार म्हणे. म्हणजे प्रकल्प झालाच नाही तर डोंगर अडकलेला, काजू गेलेले आणि हाती शून्य. भाडं सहीच्या तारखेपासून हवं. जमिनीच्या रूपांतराची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, कुणाच्या खर्चाने, त्याचा पत्ता नाही. आणि 25 वर्षांनी ती लोखंडं, पॅनेलं कोण उचलणार? तेव्हा तुम्ही शंभरीला टेकलेले असाल, मीही म्हातारी. त्या खर्चाची अनामत आजच ठेवायला लावायची.

आई, "मला त्यातलं काय कळतं" म्हणू नकोस. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक. तरी कंपनीच्या त्या माणसाने करारात तुझ्या सहीला जागाच ठेवलेली नाही! मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

घरावर सोलर बसवायचं तर खुशाल बसवा. केंद्राच्या योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि तिथे जमीन अडकत नाही.

डोंगराचा एक-चौदाचा (आपल्या गोव्याचा सात-बारा म्हणा) ताजा उतारा काढून ठेवा, कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघायचंय. चवथीला मी येतेच आहे, तेव्हा त्या माणसाला घरी बोलवा. तोवर तो ॲडव्हान्स द्यायला आला तर चहा पाजा, पैसे घेऊ नका.

तुमची,
वैजू