खाते क्रमांक लपवता, पण मँडेट वाचता का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलच्या ऑटोपेबाबत, म्हणजे रिचार्जचे किंवा बिलाचे पैसे ठरल्या वेळी खात्यातून आपोआप कापले जाण्याच्या सोयीबाबत, नागपुरात दोन टोकाच्या सवयी दिसतात. काही जण 'बँकेची माहिती कोणालाच द्यायची नाही' म्हणून ऑटोपेचे नावही काढू देत नाहीत. काही जण बर्डीवर किंवा इतवारीत रिचार्जच्या दुकानात फोन दुकानदाराच्या हातात देतात आणि तो म्हणेल तिथे पिन टाकून मोकळे होतात. नियम दोघांनाही माहीत नसतात, आणि नुकसान दोघांचेही होते.

खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड ही मुळात खात्यात पैसे येण्यासाठी लागणारी माहिती आहे. ती प्रत्येक चेकवर छापलेली असते. तेवढ्यावर कोणालाही खात्यातून पैसे काढता येत नाहीत. पैसे जातात ते आपण परवानगी दिल्यावर, आणि ऑटोपेतली ही परवानगी म्हणजे मँडेट. यूपीआय पिन, ओटीपी, कार्डामागचा सीव्हीव्ही आणि नेट बँकिंगचा पासवर्ड या चार गोष्टी कंपनीच्या माणसाला, बँकेच्या माणसाला किंवा दुकानदाराला, कोणालाही सांगायच्या नाहीत. हे आता बहुतेकांना पाठ आहे. पण तोच पिन मँडेटच्या पडद्यावर न वाचता टाकला, तर न सांगताही परवानगी देऊन झालेली असते.

पिन टाकण्याआधी तो पडदा नीट पाहा. त्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव, रक्कम, किती दिवसांनी, केव्हापासून केव्हापर्यंत आणि कोणत्या खात्यातून, एवढे लिहिलेले असते. बहुतेक जण फक्त नाव पाहतात. खरी गोम रकमेच्या ओळीत असते. तिथली रक्कम कधी 'नेमकी' असते, तर कधी 'जास्तीत जास्त'. समजा, प्लॅन साडेतीनशेचा आहे आणि जास्तीत जास्तच्या पुढे पाच हजार लिहिले आहे. अशा मँडेटवर पाच हजारांपर्यंतची मागणी पुन्हा पिन न विचारता मंजूर होऊ शकते. कंपन्यांचे म्हणणे असे की दर वाढले तर ग्राहकाला पुन्हा नोंदणी करावी लागू नये. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले होते, त्यामुळे थोडी जागा ठेवण्यात अर्थ आहे. पण ती जागा प्लॅनच्या दीडपट असली तरी पुरे. रक्कम बदलता येत असेल तर बदला. येत नसेल आणि मर्यादा अवाच्या सव्वा असेल, तर मागे फिरा आणि रिचार्ज हाताने करा.

वारंवारतेच्या ओळीत 'दरमहा'ऐवजी 'मागणी येईल तेव्हा' असे असेल, तर त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. शेवटची तारीख वीस-तीस वर्षे पुढची दिसली, तर एक वर्षाची मागा.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे ग्राहकाच्या बाजूचे आहेत. कार्डावरील ई-मँडेटची चौकट ऑगस्ट २०१९ मध्ये आली, पुढे ती यूपीआयलाही लागू झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. नोंदणीच्या वेळी ओटीपी किंवा पिन सक्तीचा आहे. त्यानंतर एका वेळी १५,००० रुपयांपर्यंतची कपात पुन्हा न विचारता होऊ शकते. ही मर्यादा आधी २,००० होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ पासून १५,००० आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कोण, किती आणि केव्हा कापणार याचा संदेश आलाच पाहिजे. त्या संदेशावरून ती एक कपात किंवा अख्खे मँडेट थांबवण्याची सोय असली पाहिजे. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. तो २४ तासांचा संदेश जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, हीच अडचण आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि सरकारी संदेशाला जी. शेवटी पी दिसला तर तो कपातीचा संदेश नव्हे.

आता २८ दिवसांचा हिशेब. २८ दिवसांचा प्लॅन वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा कापला जातो, आणि कपातीची तारीख मागे सरकत राहते. ५ जानेवारीला सुरू केलेला प्लॅन २ फेब्रुवारी, २ मार्च, ३० मार्च, २७ एप्रिल असा येतो. निवृत्तिवेतन एक तारखेच्या सुमारास जमा होत असेल, तर जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि ३० मार्चला, नेमकी शिल्लक तळाला असताना, कपात येऊन अडकते. मग लोक म्हणतात, ऑटोपे बिघडला. ऑटोपे बिघडलेला नसतो, तारीख सरकलेली असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ च्या आदेशात प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि किमान एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवायला लावले आहे. ऑटोपे लावायचा असेल तर हा दुसरा प्लॅन मागून घ्या. दुकानात तो आपणहून दाखवतीलच असे नाही.

यूपीआय ऑटोपेची कपात ऑगस्ट २०२५ पासून गर्दीच्या वेळा टाळून होते. सकाळी १० ते दुपारी १ आणि सायंकाळी ५ ते रात्री ९.३० या वेळा गर्दीच्या मानल्या आहेत. म्हणजे कपात भल्या पहाटेही येऊ शकते, म्हणून पैसे आदल्या रात्रीच खात्यात हवेत. पहिली मागणी फसली तर आणखी तीनदा प्रयत्न होतो. बँकेच्या कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक 'नाच' (एनएसीएच, म्हणजे यूपीआय किंवा कार्डाशिवाय थेट बँक खात्यातून कपात करण्याची व्यवस्था) मँडेटचे प्रकरण याहून वेगळे आहे. तिथे शिल्लक नसताना मागणी परत गेली, तर बँक स्वतःच्या दरपत्रकाप्रमाणे दंड आणि त्यावर जीएसटी लावते.

पोस्टपेड किंवा ब्रॉडबँडसाठी नाचचा कागदी अर्ज भरताना कमाल रकमेची चौकट कोरी ठेवून सही करू नका. रक्कम अंकांत आणि अक्षरांत स्वतः लिहा. सोबत रद्द केलेला चेक मागतात, तो देण्यात धोका नाही. चेकवर दोन तिरप्या रेषा मारून मोठ्या अक्षरांत 'रद्द' लिहा. खाते क्रमांक आणि खालच्या पट्टीतले एमआयसीआरचे आकडे दिसू द्या, आणि चेकवर सही मुळीच करू नका.

डेबिट कार्डावर ऑटोपे असेल तर कार्डाची मुदत संपण्याची तारीख लक्षात ठेवा, कारण नवे कार्ड आल्यावर बहुधा नव्याने नोंदणी करावी लागते. ऑक्टोबर २०२२ पासून कंपनीला आपला पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक पर्यायी सांकेतिक क्रमांक, राहते. तरीही परदेशी संकेतस्थळांवर अनेकदा ओटीपीशिवाय कार्ड चालते, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा. हे बटण देणे रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच बँकांना बंधनकारक केले आहे.

सर्वांत सुरक्षित व्यवस्था साधी आहे. एक वेगळे बचत खाते ठेवा, त्यात दोन-तीन हजार रुपये असू द्या आणि सगळे ऑटोपे त्याच खात्यावर लावा. निवृत्तिवेतनाच्या किंवा पगाराच्या खात्यावर एकही मँडेट नको. फक्त त्या खात्यावर किमान शिलकीची अट आहे का, ते आधी विचारून घ्या.

इतके सांगूनही एका बाबतीत ऑटोपे लावाच असे आम्ही म्हणू, तो म्हणजे बँकेला जोडलेला क्रमांक. रिचार्ज संपल्यावर आधी जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारेही, आणि मग बँकेचा ओटीपीही येत नाही. ९० दिवस क्रमांक वापरात नसेल आणि मोबाइलच्या प्रीपेड खात्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर क्रमांक बंद होऊ शकतो. त्यानंतर काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळतो आणि तुमच्या खात्याचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आईवडिलांचा जुना क्रमांक टेबलाच्या खणात, अशा घरांनी हे आजच तपासावे. क्रमांक सोडायचाच असेल तर आधी बँकेत जाऊन नवा नोंदवा, मगच जुना सोडा. चालू फोनचे सिग्नल विनाकारण अचानक गेले, तर कोणीतरी आपल्या नावाचे दुसरे सिम काढले असावे असे समजून दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला कळवा.

मँडेट बंद करताना एक घोटाळा हमखास होतो. ॲप काढून टाकल्याने किंवा सिम फेकल्याने मँडेट रद्द होत नाही, ते बँकेकडे जिवंत राहते. ज्या यूपीआय ॲपमधून लावले त्याच ॲपच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपेचा विभाग असतो. तिथे यादी उघडा, कंपनीचे नाव निवडा, 'रद्द करा' दाबा, पिन टाका आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा. कपातीच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नका, दोन-तीन दिवस आधीच हे उरका. पोस्टपेडवाल्यांनी हेही लक्षात ठेवावे की ऑटोपे रद्द केल्याने जोडणी बंद होत नाही. बिल येतच राहते, आणि थकबाकी असेल तर क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही.

'रिफंड मिळेल', 'कॅशबॅक आला आहे' असे सांगून ॲपमध्ये मँडेटची विनंती पाठवणे, हा ठगांचा आवडता डाव आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक दिले आहेत, त्यामुळे दहा आकडी साध्या क्रमांकावरून 'बँकेतून बोलतो' म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यावा.

पैसे गेलेच तर फसवणूक आणि चुकीची कपात यांत फरक करा. फसवणूक असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन आणि बँकेला लेखी तक्रार. तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणामुळे रक्कम गेली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमच्यावर काहीच बोजा नाही, आणि बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर सामान्य बचत खात्यावर दहा हजारांपर्यंत तोशीस येऊ शकते. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून इथे तासांना किंमत आहे.

मोबाइल कंपनीने दोनदा किंवा जास्त कापले असेल तर तिच्या १९८ या सेवेवर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या दाराशी उन्हात कागद घेऊन उभे राहण्याची गरज नाही. टपालाने पाठवायची असेल तर तक्रार चंदीगडच्या केंद्राकडे जाते.

मोबाइल कंपन्यांकडे आणि बँकांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. मँडेटची कमाल रक्कम कंपनीने आपणहून प्लॅनच्या दीडपटीपेक्षा जास्त भरू नये. कपातीचा आगाऊ संदेश महाराष्ट्रातल्या ग्राहकाला मराठीत यावा आणि थांबवण्याचा मार्ग त्याच संदेशात असावा. आणि शहरातल्या दालनांमध्ये ग्राहकाचा फोन हातात घेऊन कर्मचाऱ्याने ऑटोपे लावून देण्याची पद्धत बंद व्हावी. अर्ज ग्राहकाने भरावा, कर्मचाऱ्याने फक्त तोंडी सांगावे.

— दोन निवृत्त बँक अधिकारी,
प्रतापनगर, नागपूर