अडीच गुंठ्यांची गोष्ट

लाइपझिग, जर्मनी
24 मे

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर आई "जेवलीस का" विचारते, बाबा "पाऊस आहे का" विचारतात आणि तेवढ्यात रेंज जाते. जरा सविस्तर सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. ऑफिस, तब्येत, खोलीचं भाडं सगळं तेच, ते सोडून देते.

बाबा, आधी तुमचं. दादाने बागेचे फोटो दाखवल्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "शेतातून सुटावी म्हणून शिकवली, आणि ही पैसे मोजून परक्याची माती खुरपतेय." हसू आलं, थोडं लागलंही.

इथे लोक राहतात फ्लॅटमध्ये आणि बाग असते भलतीकडेच, रुळांच्या कडेला नाहीतर गावाच्या टोकाला. शंभर-दीडशे तुकडे एकाला एक लागून, मधून पायवाटा, प्रत्येकाला कुंपण आणि लाकडी खोपटं. ही बाग विकत मिळत नाही. संस्थेचं सभासद व्हायचं, वर्षाचं भाडं भरायचं आणि आधीच्या भाडेकऱ्याला खोपटाचे न् झाडांचे पैसे द्यायचे. किती द्यायचे तेही संस्थेचा माणूस येऊन ठरवतो, अगदी प्रत्येक बेरीच्या झुडपाचे. आमची 240 चौरस मीटर आहे, म्हणजे बाबांच्या हिशोबाने जेमतेम अडीच गुंठे.

आता खरी गंमत. या बागांसाठी देशाचा वेगळा कायदा आहे, 1983 सालचा. बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नको. खोपटं ओट्यासकट 24 चौरस मीटरच्या आत. त्यात कायमचं राहायचं नाही. निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच, नुसती फुलं लावून खुर्ची टाकून बसलं तर नोटीस येते. वर आमच्या संस्थेचे वेगळे नियम: दुपारी एक ते तीन आवाज बंद, रविवारी गवत कापायचं यंत्र बंद. कुंपण आमच्या छातीपर्यंत, त्याहून उंच नको, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला आत दिसलं पाहिजे! एकदा संस्थेचे दोन गृहस्थ टेप घेऊन भाजीचा वाफा मोजून गेले. मी मेथीचा वाफाही धरा म्हटलं. त्यांना तो गवत वाटला होता. एक पान चावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि वहीत "भाजी" लिहिलं.

हे सगळं याच गावात सुरू झालं. श्रेबर नावाचे डॉक्टर होते, त्यांच्या नावाने या बागांना ओळखतात. पण ते 1861 सालीच वारले, त्यांनी स्वतः एक वाफा केला नाही. पुढे 1864 मध्ये एका मुख्याध्यापकांनी त्यांच्या नावाने संस्था काढली, तीही मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून. मग एका मास्तरांनी मैदानाकडेला मुलांसाठी वाफे काढून दिले. मुलं चार दिवसांत कंटाळली आणि आईबापच निंदायला लागले. बाबा, तुमच्या परसातल्या माझ्या झेंडूचं काय झालं होतं, आठवतंय ना?

आईच्या शंका. एकटी अंधारात जात नाही. जूनमध्ये इथे साडेसोळा तास उजेड असतो, रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. त्या उजेडाने कोथिंबीर मात्र वेडी होते, चार पानं आली की लगेच फुलावर जाते. आता ऑगस्टमध्ये पेरायची. सापबिप पाहिले नाहीत. गोगलगाई आहेत, शंख नसलेल्या, तपकिरी-नारिंगी, बोटाएवढ्या. संध्याकाळी लुसलुशीत दिसणारी मेथी सकाळी नुसत्या काड्या. रात्री एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने चिमट्याने वेचून डब्यात टाकायच्या. परवा 63 निघाल्या. आणि मी नीट जेवते. मुळ्याच्या पाल्याची भाजी तर आठवड्यातून दोनदा होते.

टोमॅटो मात्र माझ्या हट्टाने गेले. तुमच्याकडे उद्या रोहिणी निघेल, मग मृग. इथलीही नक्षत्रंच समजा. 11 ते 15 मे या पाच दिवसांना पाच संतांची नावं आहेत, त्यांना 'बर्फाचे संत' म्हणतात. शेवटची थंड सोफी होऊन जाईपर्यंत टोमॅटो बाहेर लावायचे नाहीत. मी 9 तारखेला छान ऊन बघून लावले. शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहिल्या, नुसती मान हलवली आणि गेल्या. 13 च्या रात्री गारठा पडला. सकाळी सातही रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी, लिबलिबीत. 16 ला त्याच आजी आपली चार रोपं घेऊन आल्या. बोलल्या काहीच नाहीत. बाबा, तुम्ही असता तर बोलला असतात.

कढीपत्ता जोरात आहे. केरळातल्या कोट्टायमच्या एका मित्राने बी रुजवून रोप दिलं होतं, आता गुडघ्याएवढं झालंय. थंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीत, आता बाहेर.

आणि आई, तुळस. तू दर कार्तिकात विचारतेस आणि मी छान आहे म्हणते. ती मागच्या वर्षीच्या जानेवारीतच गेली. डिसेंबरात आठ तासही धड दिवस नसतो, एकेक पान गळत गेलं आणि मला बघवेना म्हणून पाणी घालत राहिले, बहुतेक त्यानेच मुळं कुजली. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नाचा फोटो पाठवला तो आदल्या वर्षीचा होता. आता नवीन बी आणून रुजत घातलंय, सहा इवली रोपं आलीत. रागवू नकोस.

बाबा, पाण्याच्या मोटारीचे पैसे 1 तारखेला टाकते, जुनी दुरुस्त करत बसू नका. दिवाळीत नक्की येते. या महिन्यात तिकीट महाग आहे म्हटलं होतं, ते होतंच. पण बागेचे 1,900 युरोही याच महिन्यात भरायचे होते, दोन्ही जमलं नसतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि मावशीने पाठवलेलं पुण्याचं स्थळ, त्यांना नाही कळव. मुलगा चांगला आहे, प्रश्न त्याचा नाही. आई, मी पत्रभर 'आम्ही' लिहिलंय ते तुझ्या लक्षात आलं असणारच. बाग दोघांच्या नावावर आहे, दुसरं नाव कढीपत्तावाल्याचं. मासे खातो. पण अळू त्यांच्याकडेही होतं, ते त्याला चेंबू म्हणतात, आणि खाजू नये म्हणून चिंच घालायची हे मला सांगावं लागलं नाही. दिवाळीत त्याला घेऊन येऊ का, तेवढं सांगा. बाबांना एकदम सांगू नकोस. नाहीतर सांगच, हे पत्र मोठ्याने तेच वाचत असतील.

हळदीची लावण झाली का? आजीच्या गुडघ्याला तेल लावायला दादाला सांगा.

तुमची,
चिमी

ता. क. काकूंबरोबर अळूचे कंद आणि तुळशीचं रोप पाठवू नका, सरकारी दाखल्याशिवाय विमानतळावर काढून घेतात. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ एवढ्या पाचच फळांना दाखला लागत नाही. नारळ पाठवला तर चालेल.