जुनी पिकअप घेतलेल्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. वीस वर्षे राबलेली डिझेल पिकअप तू घेतलीस आणि महिन्याभरातच ती चढावर तापू लागली, क्लच सोडताना मागून ‘ठक्क’ असा आवाज येऊ लागला, शिवाय सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो, असे तू लिहिले आहेस. एवढ्यावरून इंजिन उतरवण्याचा सल्ला तुला कोणी दिला असेल, तर तो तूर्त मानू नकोस. या तिन्ही तक्रारींची मुळे बहुधा वेगवेगळी आहेत आणि तिन्ही ठिकाणी आधी बाहेरच्या, स्वस्त वस्तू तपासता येतात.

आधी तापण्याचे पाहू. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघड. हे मुद्दाम लिहितो, कारण गरम झाकण उघडण्याच्या घाईत मी एकदा मनगट भाजून घेतले आहे. आतले पाणी तांबूस आणि गढूळ निघाले, तर आधीच्या मालकाने कूलंटऐवजी साधे पाणीच भरत आणले असे समज. त्याने ब्लॉकला आतून गंज चढतो आणि गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर झाकणच बदल, कारण ते दाब धरते म्हणूनच पाणी १०० अंशांना उकळत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडून पाहा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा ८२ किंवा ८८, तो उघडू लागला पाहिजे. तो काढूनच टाकण्याचा उपाय पुष्कळ जण करतात, पण मला तो पटत नाही. इंजिन कायम गार राहते आणि डिझेल मात्र जास्त पिते. तुझी गाडी हळू चालतानाच तापत असेल, तर पंखा, त्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती यांच्याकडे पाहा. सपाट रस्त्यावर वेगातही तापत असेल, तर आतून तुंबलेल्या रेडिएटरची शंका घे. हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा, विचार त्यानंतर, तोही कूलंट गळती न दिसता कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले असेल तरच.

आता तो ‘ठक्क’. माझ्या गाडीने हाच आवाज मला चार महिने ऐकवला आणि मी डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधली, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) गेले असे धरून बसलो होतो. एका सकाळी चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रल करून गाडीखाली गेलो आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या अॅक्सलला नेणारी लांब दांडी, हाताने मागेपुढे फिरवून पाहिला. टॉर्चच्या उजेडात मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या अधिक-चिन्हासारख्या सांध्याच्या, टोपीभोवती विटकरी पूड दिसली. टोपी निघाली, तेव्हा आतल्या सुया गोलाकार उभ्या असण्याऐवजी एका बाजूला गोळा झाल्या होत्या, दोन अर्ध्यात मोडल्या होत्या आणि क्रॉसच्या दांडीवर पडलेले त्यांचे चरे नखाला लागत होते. ग्रीस औषधालाही नव्हते, कारण ग्रीस भरण्याचे निपल वाळलेल्या चिखलाखाली इतके बुजले होते की ते तिथे आहे हेच कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. तू शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँजवर (टोकाच्या बोल्ट लावायच्या चकतीवर) आणि मधल्या सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाच्या खुणा कर. जोड बसवताना काही दात सरकले, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. क्रॉस ठणठणीत निघाले, तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि पाटे चेसिसला टांगणाऱ्या शॅकलचे बुश पाहा. सैल पाटेही असाच आवाज करतात.

स्टार्टरच्या बाबतीत नवी बॅटरी घेण्याची घाई करू नकोस. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवत असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्यावर संशय घेण्याआधी अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीची ऋण बाजू इंजिनला आणि सांगाड्याला जोडणारी तार, तपास. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर पट्टीची दोन्ही टोके सोडवून पत्र्याचा रंग आणि गंज खरवडून काढ. स्टार्टर जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल, तर मात्र थंड इंजिनला सुरुवातीची ऊब देणारे हीटर प्लग तपासावे लागतील किंवा डिझेलच्या नळीत शिरलेली हवा शोधावी लागेल.

ब्रेकबद्दल तू काहीच लिहिले नाहीस, म्हणून मीच विचारतो: मागे जादा पाटा घातलेला आहे का? काही पिकअपमध्ये चेसिस आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये एका दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. जादा पाट्यामुळे हौदा उचललेलाच राहिला, की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि नेमके ओझे असताना मागचे ब्रेक कमी लागतात. तो व्हॉल्व्ह जुळवून घे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, तेव्हा ते दर दोन वर्षांनी बदलायचे. तुझे कधी बदलले याची नोंद नसेल, तर आताच बदल.

घरी सर्वांना नमस्कार सांग. क्रॉस उघडल्यावर काय दिसले ते कळव.

तुझाच,
मित्र

ता. क. डिफरन्शियलचे ऑइल बदलायला घेशील, तेव्हा खालचा बोल्ट काढण्यापूर्वी वरचा, ऑइल भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. मी उलट केले होते. ऑइल सगळे वाहून गेले, वरचा बोल्ट गंजून बसला होता आणि गाडी दोन दिवस ठोकळ्यांवर उभी राहिली.