खडू लावून सायकलच्या रिंगचा आउट (वाकडेपणा) काढणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

आपण मोबाइल वापरत नाही, तेव्हा हे पत्र आपली नातच आपल्याला वाचून दाखवील. आभार तोंडी मानायला गेलो की आपण "राहू द्या ना जी" म्हणून पाना हातात घेता, म्हणून ते लिहून मानतो आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी गिअरची सायकल काळ्या मातीच्या गाऱ्यात आडवी झाली आणि मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीला टांगलेला असतो, ती पट्टी वाकली. सायकल ज्या दुकानातून घेतली होती, तेथून "सामान मागवलं आहे" एवढे एकच उत्तर तीन आठवडे मिळत राहिले. शाळा घरापासून ९ किलोमीटर. त्या दिवसांत आपण मला वडिलांची सायकल आठवून दिली. गोठ्यात कडब्याआड उभी असलेली ती २८ इंची काळी सायकल मी हातगाडीवर घालून सेवाग्राम रस्त्यावरच्या आपल्या टपरीवर आणली, तेव्हा तिला भंगारात घालायला आणल्यासारखी माझी मलाच लाज वाटत होती. गिअरच्या सायकलीला आपण नावे ठेवली नाहीत. "चांगली आहे, पण तिचं सामान इथं भेटत नाही," एवढेच म्हणालात.

त्या दुपारी आपण सायकल उलटी केली, मागचे चाक फिरवले आणि माझ्या खिशातला खडू मागून घेतला. फोर्कला हात टेकवून तो खडू आपण रिंगच्या अगदी जवळ स्थिर धरलात. चाक फिरले तसे जेथे रिंग बाहेर आली होती तेवढ्याच जागी पांढरी रेघ उमटली. मग समोरच्या बाजूच्या तारांचे निपल, म्हणजे तारा ताणणारे लहान नट, पाव-पाव आटा आवळत, मधूनच एखादी तार बोटाने छेडून तिचा आवाज ऐकत, आपण ती रेघ लांब करत नेलीत, ती जवळजवळ पूर्ण वर्तुळ होईपर्यंत. पंचवीस वर्षे मी फळ्यावर खडू झिजवतो आहे, पण त्याने चूक इतकी नेमकी दाखवता येते हे त्या दिवशी कळले. पुढे आपण मलाच करायला लावले. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, एका बाजूला पाव इंची ९ छर्रे बसतात, हे मी ग्रीसने बरबटलेल्या बोटांनी मोजून शिकलो, आणि सराट्याच्या काट्याने झालेले पंक्चर काढताना घाई केली, तेव्हा आपण म्हणालात, "सोल्यूशन वाळू द्या गुरुजी, नाहीतं ठिगळ उद्याच निघन."

आपल्याच भागातली म्हणावी अशी एक गोष्ट मी आपल्याला सांगितली होती. गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी अशा की चरखा १५० रुपयांत तयार व्हावा, खेड्यातल्या साध्या घरात चालावा, वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान २० वर्षे चालत राहावा आणि वर्षाची देखभाल किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. घरी येऊन मी या अटी वडिलांच्या सायकलीला लावून पाहिल्या. वर्षभरात लागले ते एक टायर, एक ट्यूब, ब्रेकचे चार रबर आणि मूठभर छर्रे. सगळे आपल्या उधारीच्या वहीत आहेच. टायरच्या भावामुळे ती ५ टक्क्यांच्या अटीत नापास होते, बाकी ठीक. ओल्या रिंगवर रॉडचे ब्रेक सरकतात आणि पुलाच्या उतारावर ते बरेच आधी दाबावे लागतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

या सायकलीमागून घरात आणखीही काही जुने परतले. वडिलांचे चावीचे घड्याळ दुरुस्त करून घेतले आणि उन्हाळ्यात रांजण पुन्हा ओसरीवर आला, जो वीज गेल्यावरही पाणी गार ठेवतो. गिअरच्या सायकलीचे सामान अखेर आले. ती आता मुलगा चालवतो आणि मजेत चालवतो.

मागच्या चाकात पुन्हा किरकिर येऊ लागली आहे. हबमधले छर्रे दाबून धरणारा कोन जास्त आवळला गेला असावा, असा माझा अंदाज आहे. रविवारी सकाळी येतो. ग्रीसचा डबा मी आणीन, पण पाना माझ्या हातात द्या.

आपला कृतज्ञ,
काळ्या सायकलीवाला गुरुजी