पोटरी उडणाऱ्यांचे हाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्नायू फडफडण्यावरचा लेख आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर वाचला गेला आणि चहा संपायच्या आत आमचे हे स्टुलावर पाय ठेवून स्वतःची पोटरी न्याहाळत बसले. लेखकाच्या परिश्रमांचं चीज झालं, हे आपल्याला कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखात ज्याची भीती घातलीय तो मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा रोग, हा भयंकर आजार आहे, त्यावर लिहूच नका असं कोण म्हणेल? पण 'पोटरी उडतेय? दुर्लक्ष नको!' असा मथळा, शेजारी हाच आजार झालेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा व्हीलचेअरमधला फोटो आणि खाली अर्धं पान फुल बॉडी चेकअपची जाहिरात. योगायोगच असणार म्हणा.

गेल्या वर्षी मार्च एंडिंगला आम्ही यातून गेलोय. ह्यांची बँकेतली नोकरी. जागरणं, चहावर चहा, आणि एके रात्री डाव्या पोटरीत कातडीखाली अळी वळवळावी तसं सुरू झालं. कुणीतरी मोबाइलवर असलाच एक लेख पाठवला. दुसऱ्या दिवसापासून माझी शिवणाची टेप गायब. दोन्ही पोटऱ्यांचा घेर रोज मोजून डायरीत लिहायचा. डावी अर्धा सेंटिमीटर बारीक निघाली, त्या दिवशी घरात सुतक. "उजवी लवली असती तर लाभ तरी झाला असता," असं म्हणून सासूबाईंनी भर घातली. रात्री आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून जीभ बाहेर काढायची आणि मला हाक, "थरथरतेय का गं?" अहो, बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते, ती तोंडात सैल ठेवून बघायची असते. हे डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर माझी आणि सासूबाईंचीही तपासून झाली होती.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. न्यूरॉलॉजिस्टनी ह्यांना टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, हातापायांची ताकद बघितली आणि सांगितलं, काही झालेलं नाही. ह्यांचं समाधान होईना म्हणून सुया टोचून ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेची तपासणी केली. तीही नॉर्मल. त्या आजारात ताकद जाते, स्नायू झिजतात, म्हणाले. पायातली चप्पल निसटते, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. ताकद शाबूत असताना नुसतं मांस उडणं हे निरोगी माणसांतही सर्रास आढळतं. जागरण, ताण, चहा-कॉफी, दमणूक, कधी थायरॉइड. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं अशा, नुसतेच स्नायू उडणाऱ्या १२१ जणांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, एकालाही तो आजार झाला नाही. हा अभ्यास १९९३ सालचा आहे. म्हणजे आपल्या लेखकाच्या हाती लागायला तसा वेळ होता.

'प्रत्येक वेळी गंभीर आजार असेलच असे नाही' हे वाक्य लेखात आहे, नाही असं नाही. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचतो कोण? आमचे हे तिसऱ्या परिच्छेदालाच स्टुलावर पोचले होते. ताकद जाण्याची ती दोन-तीन लक्षणं वरच्या चौकटीत दिली असती तर ज्यांना खरंच दाखवायची गरज आहे ते वेळेवर गेले असते आणि बाकीचे कामावर गेले असते.

आणि हॉकिंग? त्यांचं निदान १९६३ साली, २१व्या वर्षी झालं आणि ते गेले २०१८ मध्ये, ७६व्या वर्षी. फोटोखाली एवढी एक ओळ घालायला जागा नव्हती? ते अपवाद होते, या आजारात बहुतेकांना इतकं आयुष्य मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग अपवादाचाच फोटो कशाला छापता?

जाता जाता आणखी एक. शब्दकोडं आपण आरोग्याच्या पानाच्या नेमकं मागे छापता. ह्यांनी लेख फाइलला लावायला कापून घेतला, त्यात माझे आडवे शब्द सगळे गेले आणि उभे निम्मे राहिले. त्यात गेल्या मंगळवारच्या कोड्याची उत्तरं आपण अजून दिलेली नाहीत. ती या अंकात द्यावीत, आणि शक्यतो जाहिरातींच्या पानावर. ते पान आमच्याकडे कुणी कापत नाही.

आपली नियमित वाचक,
मिरज

(नाव छापू नये. घरी हाच पेपर येतो.)